आबांच्या खिडकीतली एरंडी

८ जुलै, जळगाव
आबांना इकडे आणून महिना झाला. आई गेल्यावर दोंडाईच्याच्या घरात एकटं कसं ठेवणार? आले, पण रुसून; पलंग सोडत नाहीत. आजही ताट परत. "माले आते मरेलच बरं." मी म्हटलं, बायबलातला योनाही झाड वाळल्यावर हेच म्हणाला होता. जन्मभर चर्चमध्ये उपदेश केलेला माणूस, लगेच डोळे उघडले. "झाड नही, वेल. तुंबीना वेल!" मी म्हटलं, एरंडी. "तुले काय समजस!" असं म्हणत अर्धी भाकरी खाल्ली. औषध सापडलं.

९ जुलै
योना ४ पुन्हा वाचला. उन्हात बसलेला संदेष्टा. रातोरात वाढून त्याच्या डोक्यावर सावली धरणारं झाड. दुसऱ्या पहाटे देवाने पाठवलेला किडा. झाड वाळलं, हा मरण मागत बसला. आबांच्या जुन्या प्रतीत तुंबी, म्हणजे भोपळ्याचा वेल, छापलंय. मला नाही पटत. शाळेत इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. एवढं मोठं पान, एवढी घाईची वाढ... एरंडीच.
तोंडाने वाद मिटायचा नाही. त्यांच्या पश्चिमेच्या खिडकीखाली दोन्ही लावणार. ऑक्टोबरच्या उन्हात जी सावली देईल ती खरी. आबांना अट मान्य.

१२ जुलै
बिया लावल्या. एरंडीच्या उरलेल्या बिया कपाटावर ठेवल्या, विषारी असतात. शेजारच्या शालूअक्का कुंपणावरून, "होळीमा उभी करानी ती एरंडी खिडकीमा कसाले वं?" हसले नुसती.

१२ ऑगस्ट
एरंडी गुडघ्याएवढी. तुंबी रेंगाळतेय. आबा कोपरावर रेलून दोन्हीकडे बघत असतात. "तुंबीले पानी कमी देस तू." शपथ घेऊन सांगितलं, कमी नाही देत. विश्वास नाही. पण सकाळचा चहा आता स्वतःहून मागतात.

११ सप्टेंबर
एरंडी खिडकीच्या वर गेली. दुपारी पानांची सावली थेट चादरीवर. मी चिडवलं, बोला आता. म्हणाले, "सावली दखास. पन किडा कोठे शे?" हट्टी म्हातारा!

२३ सप्टेंबर
अळ्या. परवा दोन-चार दिसल्या, आज पानांच्या नुसत्या शिरा. माझंच चुकलं. मागे कपाशीचं शेत आहे. कपाशीच्या कडेने एरंडी लावतात ती अळीने कपाशी सोडून तिच्यावर जावं म्हणूनच, इकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी मात्र खिडकीत लावून बसले.
ऊन परत आबांच्या तोंडावर. फवारणीचं औषध आणायला पिशवी उचलली तर आतून हाक. "राहू दे. खाऊ दे तिले." बघते तर आपले आपण उठून बसलेले. "तुंबीले हात नही लावा अळीनी. मंग एरंडीच व्हती ती."
आबा हरले आणि खूश! मी जिंकून हमसाहमशी रडले. आई गेली तेव्हा सगळं आवरायच्या नादात रडायचं राहून गेलं होतं. आबांनी डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "योनानी एक काम करं नही. दुसरं बी लावं नही त्यानी."

२४ सप्टेंबर
कपाटावरच्या बिया काढल्या. कुंडी पलंगावर ठेवली, मातीत बी त्यांनीच बोटाने दाबलं. कुंडी अळीपासून दूर, आतल्या खिडकीत. चादर मातीने भरली. भरू दे.

२९ सप्टेंबर
आबांना ताप. छातीत कफ. डॉक्टर म्हणाले, वय बघता सांगता येत नाही. मी ऐकून घेतलं. कुंडीला पाणी घातलं.

१ ऑक्टोबर
ताप उतरलेला नाही. रात्रभर धाप. सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं, "उगनं का?"
नाही अजून, म्हटलं.
"मंग भाकर आन. वाट देखनी शे."