लाल फडक्यातली ओळखपत्रे

बाबा, काल्हेरच्या ज्या खाचरांच्या बांधावरून तुम्ही मला पूजेला नेत असा, तिथे आता गोदामे उभी आहेत. त्यांतल्याच एका गोदाममालकाकडे मी दर श्रावणात पूजा सांगायला जात असे. देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेले एक गाठोडे असे. घराण्याची पोथी असावी, असे समजून तीन वर्षे मी ते न उघडता त्याच्यावर गंध, अक्षता, फूल वाहिले. चौथ्या वर्षी उचलताच फडके सुटले आणि आतून ओळखपत्रे घरंगळली. बारा बायकांची. माझे गंध झिरपून काही चेहरे पिवळे पडले होते.

फरशी पुसणारी बाई जागीच थिजते. गोदामात माल बांधणाऱ्या या बाराजणींपैकीच ती एक. "महाराज, ये मेरा है," ती कुजबुजते. "दो साल से बच्ची को नहीं देखा. कार्ड माँगती हूँ तो सेठ बोलता है, जा ना, दरवाज़ा खुला है. बिना कार्ड के पुलिस तुझे बांगलादेशी समझेगी." इतक्यात मालक आत येतो आणि हसतो. "ठेवा तिथंच, गुरुजी. देवाजवळ हायेत, कुठं जात न्हाय. ना ह्या बाया बी कुठं जात न्हाय!"

मला शिसारी आली. दास्य म्हणजे बेड्या, चाबूक, बाजार, एवढेच मी आयुष्यभराच्या अध्ययनातून समजलो होतो. इथे दार उघडे होते. राखणीला देव बसवला होता आणि त्या राखणीची पूजा मी करीत होतो. माझ्या लहानपणी शेलार गावच्या यजमानाने गड्याला लाथ मारली, तेव्हा तुम्ही वाढल्या पानावरून उठलात. मी भुकेने वाटभर रडलो. तुम्ही एकदाच दटावलेत, "त्या घरचे अन्न पोटात राहिले असते का तुझ्या?"

मी उठलो नाही. मालक पाहुण्यांना सामोरा गेला, तेवढ्यात तिचे ओळखपत्र उपरण्याआडून तिच्या हाती दिले. पोछा तिथेच टाकून ती मागल्या दाराने निघून गेली. पाहुण्यांची पावले ओसरीवर वाजली. उरलेली अकरा मी लगबगीने फडक्यात बांधली, सर्वांदेखत त्यांच्यावर फूल वाहिले आणि आरती म्हटली. मग पानावर बसलो, पोटभर जेवलो. हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहवते आहे: तुम्ही हयात नाही, याचे त्या दिवशी मला बरे वाटले.