परटिणींचा गुरुवार

प्रिय मार्थाआक्का,

आज तुझा तो गुरुवार. जानेवारीतच तू कॅलेंडरवर खूण करून ठेवली होतीस. तुला जाऊन पंधरवडा होत आला, घरात सगळं रोजच्यासारखं चाललंय, आणि मला अजून रडू आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

लढाई संपल्यावर थोरल्या भावजींनी तुला जर्मनीहून लग्न करून आणलं, तेव्हा तू सगळ्यांनाच 'तू' म्हणायचीस. सासूबाईंनासुद्धा. मग मीही तुला 'तू' म्हणायला लागले.

एकदा पंचगंगेवर कपडे आपटणाऱ्या बायका बघून तू थांबलीस. म्हणालीस, "माझी आजी पण परटीण." मडमेची आजी परटीण? मला खरं वाटेना. मग तू घाटावरच बसून सांगितलंस. ऱ्हाइन नदीकाठच्या तुझ्या गावातल्या बायका शहरातल्या लोकांचे कपडे धुवायच्या. नवरे ते नावेतून पोचवायला जायचे आणि तुमचे मोठे उपवास लागण्याआधीचा सण शहरात खाऊनपिऊन, नाचून परत यायचे. बायका इकडे धुणं धूतच असायच्या. एका वर्षी त्यांनी ठरवलं, ह्या गुरुवारी धुणं बंद. सगळ्याजणी एकत्र बसल्या, कॉफी प्यायल्या आणि नवऱ्यांबद्दल मनात होतं ते बोलून टाकलं. पुढं चालच पडली. त्या दिवशी राज्य बायकांचं. पुरुषाच्या गळ्यात टाय दिसला की कापायचा आणि त्यानं रागवायचं नाही.

गेल्या वर्षी हे कोर्टातून आले आणि तू खरंच कात्री चालवलीस. अर्धा टाय हातात घेऊन हे नुसते उभे राहिले.

"आज बायका बोलणार," तू म्हणालीस. "शालन, बोल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचंय."

"आणि घर कोण बघणार?" ह्यांनी विचारलं.

"मी हाय की," सासूबाई आतून म्हणाल्या. "जाऊ दे तिला."

मग तू त्यांनाही सोडलं नाहीस. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "कुरुंदवाडला माझी भण हाय. किती वर्सं तोंड बघितलं न्हाय तिचं." पुढच्याच आठवड्यात हे त्यांना घेऊन गेले. मी जूनमध्ये ट्रेनिंगला लागले.

आम्हाला बोलायला लावलंस, मग ताप अंगावर का काढलास? विचारलं की "काही नाही" म्हणायचीस. डॉक्टरांनी टायफॉइड म्हणेपर्यंत उशीर झाला होता. आणि तुझं काय मागणं होतं, आक्का? एकदा तरी माहेरी जायचं होतं का? त्या दिवशी तुला कोणीच विचारलं नाही.

दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. "आज तिचा दिवस न्हवं?" एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली.

थोरल्या भावजींनी तुझ्या बहिणीला अजून कळवलेलं नाही. रोज कागद घेतात, तिचं नाव लिहितात आणि थांबतात. आज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसणार आहे. मला तुमची भाषा येत नाही, पण त्यांचं लिहून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुझी धाकटी जाऊ,
शालन