पोळपाट आणि डावा कान

११ ऑक्टो. ८३, मंगळ. जयपूर.
पुन्हा सराव. हे व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून उभे, उजव्या कानात बोट. मी सहा मीटर मागे. नुसत्या श्वासानं आकडे कुजबुजायचे. चौबीस. सत्तावन. डाव्या कानाला ओ की ठो कळत नाही. समोर आरसा टांगला की दहापैकी आठ बरोबर, कारण माझे ओठ दिसतात.
मिलिटरी हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीत काचेचं कपाट आहे. मागे उभा डॉक्टर त्यात दिसतो म्हणे. साहेब हेरून आलेत! २७ला मेडिकल. पास झाले तर नायब सुभेदाराचे सुभेदार. नाहीतर आहे तिथंच, मग घरी.

१४ ऑक्टो., शुक्र.
दोन वर्षं झाली. सुरुंगाच्या सरावात कान गेला, तेव्हा "दोन दिवसांत उघडेल" म्हणून कुणाला सांगितलंच नाही. मग सांगायची सोयच राहिली नाही. मलाही सांगितलं नव्हतं, मी ओळखलं. निमाला अजून पत्ता नाही. चौदा वर्षांची पोर, शाळेत बोलून बसेल.
तेव्हापासून मी कायम ह्यांच्या उजवीकडे. जेवताना, सिनेमात, मंदिरात. स्कूटरवर बोलायचं तर उजव्या खांद्यावरून. शास्त्रात बायको वामांगी, पण शास्त्रकारांच्या कानाजवळ सुरुंग फुटला नव्हता.
नाही ऐकू आलं की ह्यांचं ठरलेलं, "हं, हं." काल म्हटलं, साखर संपली. "हं हं, छान."
हसले. मग मोरीत जाऊन रडले थोडी. का ते लिहीत नाही.

१९ ऑक्टो., बुध.
रविवारी रामगढच्या तळ्यावर कुटुंबांची सहल. युनिटची मोटरबोट नेणार. जवानांनी प्लायवूडची चार फुटी गोल फळी कापून घासून गुळगुळीत केलीय. बोटीला दोर, दोराचं टोक आपल्या हातात, फळीवर गुडघे टेकायचे, वेग आला की उभं राहायचं. जवान तिला चकला म्हणतात. आपला पोळपाटच की!
बोट हे चालवणार. पाण्यावर ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. तिथं तरी कान लागत नाही, असं वाटून बरं वाटलं.
शेजारच्या राठोडबाई : "भाभीजी, आप तो गाँव में तैरती थीं, आप ही दिखाओ."
कृष्णेत पोहलेली मी. लग्नाआधीची गोष्ट. तरी हो म्हणून बसले.

२३ ऑक्टो., रवि.
हात सुजलाय, अक्षर वेडंवाकडं.
निमाचा सलवार-कमीज, वर लाइफ जॅकेट. आरशात बघायचं टाळलं. जवानानं दोनदा बजावलं, "मेमसाब, गिरो तो रस्सी छोड़ देना. हाथ में लपेटना मत." हो हो म्हटलं.
निमा बोटीत ह्यांच्या डाव्या हाताला, तोंड माझ्याकडे. मी पडले की ओरडून बाबांना सांगायचं, एवढंच तिचं काम.
पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा पडले, दोन्ही वेळा सुरुवातीलाच, हे मागे वळून बघत होते तोवर. काठावर बायका खिदळतायत. तिसऱ्यांदा उभी राहिले. उभी! खाली फळी थरथरतेय, पाणी दोन्हीकडे फाकतंय, डोंगर बाजूनं सरकतोय. लग्नाच्या अठरा वर्षांत इतकी मोठ्यानं हसले नव्हते. कुणाच्या उजवीकडे नाही, डावीकडे नाही.
पण या खेपेला दोर निसटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे दिले होते. माहेरी वासरू न्यायचं तर दावं असंच गुंडाळायचं. हाताला तीच खोड.
वळणावर फळी सटकली. दोर सुटेना. तोंडावर पाणी, नाकात पाणी. बोट चाललीच आहे. निमा ओरडतेय ते मला दिसतंय. "बाबा! रोको! आई गिर गयी!" ह्यांची पाठ तशीच ताठ.
इंजिनाचा दांडा धरणारा उजव्या कडेला बसतो. म्हणजे सगळी बोट त्याच्या डाव्या कानाकडे, वर इंजिनाचा धडधडाट. घरातली प्रत्येक खुर्ची मी दोन वर्षं विचार करून मांडली आणि हे ध्यानात आलं नाही. ह्यांच्या उजवीकडे आज कोणीच नव्हतं. मी दोराच्या टोकाला होते.
शेवटी निमानं पायातली चप्पल काढून बापाच्या पाठीत हाणली. तेव्हा वळले. इंजिन बंद.
ह्यांनी मला ओढून वर घेतलं. मनगट सोलवटलं, दोन बोटं वळत नाहीत. बाकी धडधाकट. जिवंत आहे, देवा.
निमा विचारत होती, "बाबा, मी इतकी चिल्लावत होते, सुना क्यों नहीं?"
हे माझ्या मनगटाला रुमाल बांधत राहिले. "हं"सुद्धा नाही.

२४ ऑक्टो., सोम.
मनगटाला हळद-तेल. बोटं वळायला लागली.
हे ऑफिसला गेले नाहीत. चहा घेताना म्हणाले, "शालू, चप्पल लागली तेव्हा कळलं."
मी म्हटलं, चूक माझी, वेढे मी दिले.
"वेढे तू दिलेस. ऐकू मला आलं नाही. काल तू होतीस. उद्या पूर आला, बोट घेऊन बचावाला गेलो, की त्या दोराला एखादा जवान असंल. त्याची पोरगी बोटीत नसंल चप्पल घेऊन."
मग स्वतः उठून व्हरांड्यातला आरसा काढला.
रागवायला हवं होतं का? सुभेदारीवर पाणी सोडतोय माणूस. मला मात्र छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. लाज वाटली, पण खरं लिहिते, फार बरं वाटलं.

२७ ऑक्टो., गुरु.
गेले. कपाटाकडे पाठ करून उभे राहिले म्हणे, आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "साहब, बायाँ कान नहीं है. दो साल से."
डॉक्टर चिडले. मग शांत झाले. तपासून म्हणाले, पडदा फाटलाय, कदाचित ऑपरेशननं जमेल, कदाचित नाही. सहा महिने मेडिकल कॅटेगरी खाली. बोट बंद. बढतीचं नंतर बघू.
निमाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "मतलब, मी दोन साल फालतूमध्ये 'बाबा सुनते नहीं' म्हणून नाराज होते?" अर्धी मराठी, अर्धी हिंदी, पण बोलली खरं.

१ नोव्हें., मंगळ.
चकल्या उजव्या हातानं पाडवत नाहीत. हे सोऱ्या फिरवतायत, मी हुकूम सोडतेय. राठोडबाईंनी बघितलं. आता सगळ्या लाइनीत बोंब. होऊ दे.
त्यांनीच विचारलं, पुन्हा चढणार का चकल्यावर? म्हटलं, चढणार. वेढे न देता.

१३ नोव्हें., रवि.
कानाच्या ऑपरेशनसाठी दिल्लीच्या हॉस्पिटलला कळवलंय, त्यांचा कागद अजून नाही. हे रोज टपाल बघतात आणि बघितलं नाही असं दाखवतात.
दुपारी जेवायला बसलो. हात अजून अवघडतो म्हणून मी सहज ह्यांच्या डावीकडच्या पाटावर टेकले. बसल्यावर लक्षात आलं. उठणार होते, उठले नाही. आमटी वाढता वाढता म्हटलं, काही का होईना कागदात, मला आता हलकं वाटतं.
ह्यांनी "हं हं" केलं नाही. हातातला घास खाली ठेवला, सगळी मान माझ्याकडे वळवली.
"ऐकू नाही आलं. परत बोल."
दोन वर्षांत पहिल्यांदा.
मी परत बोलले.