पायवाटेवरचा दिवा

३ जून
दोनशे चौदा! कुरणात मोजणीसाठी ठोकलेल्या पाचही खुंट्यांपाशी दहा-दहा मिनिटं उभी राहून काजवे मोजले. नर उडता उडता दोनदा चमकतो, मग चार सेकंद गप्प. गवतातून मादी एकदाच उत्तर देते. ते उत्तर दिसलं की कंबरदुखी कुठल्या कुठे पळते. महिनाअखेर सरासरी शंभराच्या वर राहिली की कुरण वाचलं. नाहीतर तिथे गाड्यांचा तळ होणार.
घरी बाबा जागेच. रोजच्यासारखं दारातच विचारलं, किती? थरथरत्या हाताने ताट वाढून ठेवलेलं, अर्धी भाजी ताटाबाहेर.

९ जून
डोकं फिरलंय माझं! कुरणाच्या तोंडाशी, पायवाटेवर, नवाकोरा खांब. वर पांढराफटक दिवा. मला कुणी विचारलं? तीन वर्षं चिखल तुडवतेय मी तिथे!
चाळीस काजवे. गवतातून एकही उत्तर नाही. नर बिचारे चमकून चमकून दमले, पण त्या झगझगाटात मादीला दिसणार काय, कप्पाळ?
घरी आले तर बाबा चक्क झोपलेले. तावातावाने सांगायला कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

१० जून
मोजणीचं काम देणाऱ्या साहेबांकडे गेले. फाईलमधून मान वर न करता म्हणाले, बरं झालं की, बाईमाणसाची सोय झाली. सोय! मी काय वाट चुकलेलं कोकरू आहे? वर ऐकवलं, आकडा घसरला तर नियम म्हणजे नियम. म्हणजे दिवा लावणार दुसरा कुणी आणि खापर माझ्या डोक्यावर!

१४ जून
अकरा.

१५ जून
जेवताना तोंडाचा पट्टा सोडला. साहेबांना झोडपलं, विजेच्या कचेरीला झोडपलं. शेवटी म्हटलं, ज्याने कुणी हा दिवा मागितला ना, त्याचे हात झडोत!
एरवी माझ्या भांडणात तेल ओतायला बाबा सगळ्यात पुढे. आज मीठ मागितलं, तेवढंच. पेला खाली ठेवताना पाणी सांडलं. मी पुसलं आणि पुढे बडबडत राहिले.
हल्ली रात्री येते तेव्हा ते खिडकीपाशी खुर्ची ओढून, तिथेच घोरत असतात. किती, म्हणून विचारतही नाहीत. काजव्यांचं कुणालाच काही पडलेलं नाही.

१८ जून
विजेच्या कचेरीत दोन तास ताटकळले. कारकून म्हणाला, आम्ही आपल्या मनाने खांब लावत नाही, बाई, अर्ज आलेला असतो. उद्या फाईल काढून ठेवतो म्हणाला. बघतेच कोण तो महाभाग! त्याच्या घरी जाऊन भांडते की नाही बघा.

१९ जून
अर्ज वाचला.
"माझी मुलगी कामासाठी रात्री कुरणात एकटी जाते. ती परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. पायवाटेवर दिवा द्यावा. तो आमच्या खिडकीतून दिसेल."
एकेक अक्षर थरथरलेलं. या हातांना झडा म्हणाले मी.
दिवा काढायचा तर अर्जदाराचीच सही लागते. कोरा कागद या वहीत घालून आणलाय. बाबा खिडकीपाशी घोरताहेत.