ह्यांचं ताट

ता. १ जाने. १९५६, रवि.
भाऊजी बर्फाची पेटी घेऊन आले. स्टेशनपासून हातगाडीवरून, सगळ्या नौपाड्याला दाखवत. त्यांच्या ऑफिसातला कोणी साहेब विलायतेला परत चाललाय, त्याने सामान विकायला काढलं. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा. वरच्या खणात बर्फाची लादी, खाली दोन फळ्या. दाराला पितळी खिटी, दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय निघत नाही. मी म्हटलं, लग्नाआधीच संसार थाटताय वाटतं. तर म्हणाले, वहिनी, तुमच्यासाठी आहे, रोज शाळेतून येऊन पुन्हा चुलीपुढे बसता. भरून आलं. दाखवलं नाही.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लांबूनच पाहिली. कारखान्यातलं पाणी, कुणाकुणाचा हात लागलेलं. त्यांचं सोवळ्यातलं काही त्यात जाणार नाही. बरं. त्यांचं वेगळं, आमचं वेगळं.

ता. ८ जाने., रवि.
दिवसभर स्वयंपाक. तुरीचं वरण घट्ट शिजवून पातेलंभर, म्हणजे रोज नुसती वेगळी फोडणी. वाल सोलून ठेवले. मटकीला मोड. चिंचेचा कोळ. कांदाखोबऱ्याचं वाटण तेलात परतून. आता बुधवारपर्यंत सुटका, पुढचं पुढे. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तर सगळ्या हसल्या. शिळं खाणार म्हणे. हसोत. रेशनात दिवस काढलेत, माझ्या घरात दाणा वाया जात नाही.

आई म्हणाल्या, आदल्या दिवशीचं वरण म्हणजे शिळंच. मग म्हणाल्या, "त्याचं ताट मात्र पेटीत ठेव. उन्हाळ्यात आंबतं."

म्हणजे आमचं शिळं होतं. ह्यांचं होत नाही.

रोजचंच. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की आईंनी ह्यांचं पान वाढायचं. दोन पोळ्या, भाजी, आमटीची वाटी, भाताची मूद, वर तूप. दुसरं ताट पालथं घालायचं. इतकी वर्षं जाळीच्या कपाटात जायचं, आता पेटीत. सकाळी भाताचा फोडणीचा भात, पोळ्यांचा कुस्करा, आणि तो खाऊन मी शाळेत. लग्नानंतरचं ते एक वर्ष ह्यांच्या मागून ह्यांच्याच ताटात जेवायचे. तेच अजून चाललंय. फक्त आधी जेवलेलं कोणी नसतं.

ता. १४ जाने., शनि. संक्रांत
कर्णिकबाईंकडे हळदीकुंकू. त्यांनी हळद लावली. कुंकवाला बोट बुडवलं आणि तिथे जरा थांबल्या. जरासंच. मग लावलं. लावलं नसतं तर परवडलं असतं. वाण म्हणून कथिलाची गाळणी मिळाली. घरी आले तर आईंनी माझ्या कपाळाकडे बघून घेतलं. त्या काही विचारत नाहीत, नुसतं बघतात.

ता. २२ जाने., रवि.
मुंबईत हरताळ, गोळीबाराच्या बातम्या. इथेही आठवडाभर बाजार बंद, शाळा बंद. बर्फवाला आलाच नाही. पेटीत नुसतं पाणी. वरण जाईल म्हणून त्यातच वरणफळं केली, मोडाची मटकी वाटून वडे, उरलेल्या भाताचे सांडगे घालून गच्चीवर. काही टाकलं नाही. भाऊजी म्हणाले, वहिनींच्या हातून पाणीसुद्धा वाया जात नाही. खरंच, पेटीचं पाणी तुळशीला घातलं.

ता. २९ जाने., रवि.
अखेर बोलणं निघालंच. भाऊजींना डोंबिवलीला दोन खोल्या मिळाल्यायत. मेमध्ये आम्ही तिघांनी तिकडे जायचं. त्याआधी एक उरकून घ्यावं म्हणाले. गुरुजींना विचारून आले होते. चैत्रात बारा वर्षं पुरी होतात. माणूस सापडलं नाही तरी बारा वर्षांनी करता येतं. दर्भाची आकृती करायची, तिला अग्नी द्यायचा, मग पुढचं सगळं. दहावं, तेरावं.

पुढचं सगळं म्हणजे माझंही.

भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, तुम्ही हो म्हणालात तरच. नाहीतर मी विषय काढणार नाही."
आई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. रेशनकार्डावरून भाऊजींनी ह्यांचं नाव कमी केलं तेव्हा ह्याच आई दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. आज अक्षर नाही.

मी म्हटलं, विचार करते.

कसला विचार? ह्यांची नोकरी गोदीत, कारकुनाची. त्या दुपारी जेवणाचा डबा नेहमीसारखा परत आला, रिकामा, पुसून खाल्लेला. स्फोट होऊन गोदी पेटली ती त्यानंतर. पण ह्यांच्या शेजारचे कारकून सांगतात, जेवून कुठेसे निघाले होते, जागेवर नव्हते. कुठे, ते कोणालाच...

ता. ११ फेब्रु., शनि.
वहीचा वार उद्या. तरी लिहिते.

सकाळी पेटी उघडली. ताटावरचं ताट जागच्या जागी. खाली एका पोळीचा तुकडा मोडलेला. भाताच्या मुदीला एका कडेने खळगा. तूप तिथून निघालेलं.

पूर्वीही कधीमधी असं दिसायचं. तेव्हा जाळीच्या कपाटाचं दार सैल होतं, मांजराला शिव्या देऊन मोकळी व्हायचे. ही खिटी मांजर काढणार? ह्यांना मूद मधे फोडायला आवडत नसे. कडेने एकेक घास घेत जायचे. मी चिडवायचे, उंदीर जेवल्यासारखं काय जेवता.

आईंना सांगितलं नाही. त्या जप करत होत्या. भाऊजी आंघोळीला. भाताला फोडणी द्यायचा धीर झाला नाही. तसाच खाल्ला, गार. जिथे खळगा होता तिथून सुरुवात केली. शिकलेली बाई आहे मी, मुलींना विज्ञान शिकवते.

ता. १९ फेब्रु., रवि.
मागच्या रविवारपासून ह्यांच्या आवडीचंच करतेय. वालाचं बिरडं, भरली वांगी, आज पुरण शिजवून ठेवलं. कुठला सण म्हणून आईंनी विचारलं नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर आधी खिटीलाच हात जातो. ताट जसंच्या तसं. एवढं वाईट वाटतं की स्वतःचाच राग येतो.

भाऊजींना सांगून टाकलं, नाही म्हणून. ते "बरं" म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

ता. २६ फेब्रु., रवि.
आज बर्फाची लादी मीच खणात सरकवली. गोणपाटाचा ओला वास, भुशाचा. आणि एकदम ते सगळं आठवलं.

गोदीनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. दादांबरोबर (माझे वडील) मुंबईला गेलेले. इस्पितळाच्या मागे लांबच लांब पडवी. बर्फाच्या लाद्या उतरत होत्या, वर हाच भुसा. दादा म्हणाले, तू बाहेर थांब. मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. दादा बाहेर आले तेव्हा धोतराचा सोगा बर्फाच्या पाण्याने भिजलेला. म्हणाले, "त्यातलं कोणी नाही, बाळ."

घरी येईपर्यंत गाडीत ते तोच सोगा पिळत होते. त्यांना जाऊनही आता पाच वर्षं झाली. कोणाला विचारणार?

ह्या पेटीत मी रोज ह्यांचं जेवण ठेवते. बर्फाखाली. आज ताट आत ठेवताना तुपाचा थर बघवला नाही.

ता. १२ मार्च, सोम.
पहाटे जाग आली ती खिटीच्या आवाजाने.

उठले. उजाडत होतं. पेटीचं दार लोटलेलं. मागचं दार उघडं. आई विहिरीपाशी भिंतीजवळ उभ्या. भिंतीवर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भात, पोळीचा घास. आईंनी हात जोडलेले. आंब्यावर कावळा, येईना. ज्या आई पेटीच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत, त्यांनी त्या पेटीतून भात काढला.

मी दाराआड झाले. आज अमावास्या. आणि तो दिवस, फेब्रुवारीतला, तोही अमावास्येचाच होता.

जिवंत माणसासाठी कोणी असा घास काढून ठेवत नाही.

कावळा खालच्या फांदीवर आला, तिथेच बसला. आई त्याच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तिचं मी बघते रे. मी आहे तोवर तिला काही होऊ देणार नाही."
कावळ्याने घास उचलला.

मी येऊन पांघरुणात पडले. शाळेत गेले, तास घेतले. काय शिकवलं देव जाणे.

ता. १८ मार्च, रवि.
भाऊजी डोंबिवलीला खोल्या बघायला गेलेले. आज विचारलंच. आई कैरी किसत होत्या. मी म्हटलं, "आई, ते गेले हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

किसणी खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग सांगितलं.

दादांनी त्याच दिवशी, मी न्हाणीत असताना, आईंना सांगितलं होतं. एक देह होता. बांधा तसा, उंची तशी. चेहरा ओळखण्याजोगा नव्हता. सदऱ्याचं वरचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं. दादा म्हणाले, खात्री देता येत नाही. आई म्हणाल्या, खात्री नाही ना? मग तिला नाही म्हणूनच सांगा. ती एकोणीस वर्षांची आहे. माझ्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला इतक्यात नको.

आणि त्या रात्रीपासून ताट वाढायला लागल्या. घरात ताट आहे तोवर माझ्या कपाळाला कोण हात लावणार? लोक म्हणाले, आईला वेड लागलं. मीही म्हणायचे, ह्या वहीत मागे कुठेतरी लिहिलंसुद्धा असेन. रेशनच्या दिवसांत स्वतःच्या वाट्याचा भात कमी करून त्या हे ताट भरत. मला वाटायचं, मुलासाठी.

मुलासाठी त्यांना रडायलाही मिळालं नाही. माझ्यासमोर रडल्या असत्या तर मला कळलं असतं.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या, हाताला कैरीचा वास. म्हणाल्या, आता तुझी तू पोटाला मिळवतेस. आता तुला कोणी काही करू शकत नाही. म्हणून धाकट्याला मी अडवलं नाही. पण हो-नाही तुझं तू ठरव.

ता. १ एप्रिल, रवि.
निळा दोरा.

सदऱ्यांची बटणं मीच शिवायचे. पण दोरा कुठला होता, ते आठवत नाही. शिवणाचा डबा काढून बसले. पांढरं रीळ, काळं, निळंही आहे, अर्धं संपलेलं. पण ते तेव्हाचं की नंतरचं? त्या सकाळी कुठला सदरा होता? डब्यात काय दिलं होतं ते आठवतं, गवारीची भाजी, भात, ताक. डबा आठवतो, सदरा नाही. कुठल्याही बाईला आठवला असता.

ता. १५ एप्रिल, रवि.
मुरांबा, गुळांबा, लोणचं. यंदा बरण्या डोंबिवलीला जायच्या, म्हणून तोंडावर दादरे घट्ट बांधले. आई म्हणाल्या, मीठ हात राखून घालू नकोस, वर्षभर टिकायला हवं. आम्ही दोघी कामाचंच बोलतो. पण आता त्या माझ्यासमोर कधीकधी ह्यांच्या लहानपणीचं काहीतरी सांगतात आणि डोळे पुसतात. चोरून नाही.

ताट अजून वाढलं जातं. आईंनी थांबवलंय, आता मी वाढते. एवढे दिवस धान्य वाया जातं म्हणून मनात कुरकुरणारी मी. परवा न वाढता निजायला गेले, तर परत उठून भात काढला.

ता. २९ एप्रिल, रवि.
आधीचा नकार मी मागे घेतलाय, म्हणून परवा गुरुजी येणार. म्हणजे मी हो म्हटलं तर. भाऊजी डोंबिवलीच्या खोल्यांना रंग देऊन उद्या सकाळी येतील आणि माझ्याकडे बघतील. विचारणार नाहीत.

हो म्हटलं तर कपाळ पुसायचं, आणि ते गेले हे माझ्या तोंडून ठरायचं. नाही म्हटलं तर आईंनी मुलाला अजूनही चोरूनच घास द्यायचा. दोन्ही माझ्याच हातात. एका निळ्या दोऱ्यावर.

सामान बांधायचंय म्हणून बर्फ बंद केला. पेटी पुसून कोरडी केली. मोजकंच रांधलं, उरू नये असं. तरी ह्यांच्यापुरतं झालंच, हाताला दुसरं माप माहीत नाही.

ताट वाढलं, झाकायला दुसरं उचललं, तर आईंनी माझा हात धरला. ताट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "शिळं कशाला करतेस, सुमती. गरम आहे तोवर तू जेव."

पाट घेऊन बसले. आई समोर बसल्या, भिंतीला टेकून. बारा वर्षांत ह्या ताटातलं गरम कधी खाल्लं नव्हतं. तूप पातळ होतं. मूद कडेने फोडली. आमटीला मीठ थोडं जास्त झालेलं. आई बघत होत्या, आणि मी सगळं जेवले, पोळी, भाजी, भात.

शेवटी एक घास उरला. तो काही केल्या घेववेना. कावळ्यासाठी ठेवायचा की ह्यांच्यासाठी, हेही ठरेना. आईंना विचारलं नाही.

झाकून पेटीत ठेवलाय. आत बर्फ नाही. उकाडा फार आहे, उद्यापर्यंत टिकणार नाही.