देवजीची फुलं

नेरूळ गाव,
११ ऑगस्ट १९८४

चि. देवजीस,

काशीताईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मी तुर्भ्याहून माहेरी आले आहे. का, ते पुढे सांगते. वापीला नीट जेवतोस ना? वाळून आलास तर आई मलाच धारेवर धरेल.

तळ्याचं विचारायला तू लाजतोस, म्हणून मीच सांगते. पाणी कुठे दिसतच नाही, या काठापासून त्या काठापर्यंत नुसती हिरवी पानं. परवा बायजाबाईचं वासरू कुरण समजून त्यावर चाललं आणि गळ्यापर्यंत बुडालं. मासे मेले, डासांनी उच्छाद मांडलाय, धुणं घेऊन बायका लांबच्या नळावर जातात. खाडीचं पाणी आत घेतलं तर ही वनस्पती मरेल म्हणतात, पण मग गोड्या पाण्याला मुकायचं. पेपरात तिला जलपर्णी म्हणतात. गावात मात्र 'देवजीची फुलं'.

तळोज्याच्या कंपनीतल्या हौदातून तू बादलीभर रोपं आणून तळ्यात सोडलीस, ती आईच्या हौसेखातर, कुणाचं वाईट करायला नव्हे. बाबा गावासमोर तुला नको ते बोलले, तूही पिशवी उचलून निघालास. दोघं एकाच माळेचे मणी. आई त्यांना तोंडावर म्हणाली, "फुला मनाच पायजे व्हती. पोराचा काय गुना?" 

पण रोज सकाळी बांबूची आकडी घेऊन बाबा तळ्यात उतरायचे. पायऱ्यांपासून आत पाण्याचा एकच पट्टा मोकळा करायचे, एका माणसापुरता. चार दिवसांत तो पुन्हा भरायचा. गेल्या सोमवारी मुळांत पाय अडकून पडले. हात मोडलाय, प्लास्टर घातलंय. जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं. देवजीला कळवू नका म्हणाले, म्हणून तर कळवते आहे.

तो पट्टा कशासाठी, हे मला काल समजलं. विसर्जनाला आपला गणपती घरचा थोरला मुलगाच पाण्यात नेतो. काकांचा श्यामसुंदर म्हणाला, "या वर्षी मी उतरवतो." बाबा एवढंच बोलले, "पाट दुसऱ्याचे हातान देनार नाय. माजा देवजी हाय."

मग डाव्या हाताने पाट धुऊन त्यांनी उन्हात ठेवला.

आता आकडी आम्हा मायलेकींकडे आहे. तू येईपर्यंत तेवढं पाणी आम्ही झाकू देत नाही.

चिखलात गुडघाभर उभी,
तुझी काशीताई