फाटकाबाहेरची हाक

वाइलेआ, माउई, हवाई
४ जून

ती. हाउनानी मावशीस,
नोहेआचा सा. न. वि. वि.

डोळे दाखवायला इकडे आलीस, काल हॉटेलच्या दारापर्यंत आलीस आणि मला न भेटताच परत मोलोकाईला गेलीस, हे काय गं? अळूकंदाच्या पोईचं भांडं आणि सुकी मासळी आमच्या दारावरच्या केओनीकाकांनी आणून दिली. तुला विमान गाठायचं होतं म्हणाले. तू कधीपासून घाई करायला लागलीस?

मला बढती मिळाली. पाहुण्यांच्या स्वागताचं सगळं खातं आता माझ्याकडे. दर सोमवारी नोकरमंडळींचा वर्ग घेते. आलेल्याचं आधी ऐकावं, मग त्याला आत घ्यावं, हे तुझंच शिकवणं त्यांना सांगते. साहेब खूश आहेत. आणखी एक गंमत केली आहे, ती भेटीत सांगेन. रागावू नकोस म्हणजे झालं.

आई गेल्यावर तू मला ज्या अंगणात वाढवलंस, तिथेच माझ्या लिकोचा पहिला वाढदिवस करायचा ना? लवकर कळव.

लोभ आहेच, राग असला तर तोही पत्रातून पाठव.
तुझी नोहेआ


हालावा, मोलोकाई
११ जून

चि. नोहेआ हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

मागितलास म्हणून राग पाठवते. विमानाचं खोटं होतं, केओनीला मीच तसं सांगायला लावलं.

दाराशी आले, भांडं खाली ठेवलं आणि रीतीप्रमाणे बाहेरूनच हाक गायला लागले, की दुरून आले आहे, आत येऊ का. पहिली ओळ पुरी होते न होते तोच आइस्क्रीम खाणारं एक जोडपं माझ्या बाजूने गेलं. काचेचं दार आपोआप सरकलं आणि छतातून माझाच आवाज त्यांना म्हणाला, या, आत या. मागून एक बोका गेला, त्यालाही तेच स्वागत! मला वाटलं, मेले की काय मी.

माझ्या साठीला तू हाकेचं ते उत्तर फोनमध्ये भरून घेतलंस, तेव्हा मी कौतुकाने गायले होते. ते माझ्या आजीचं उत्तर. बाहेरून हाक आल्याशिवाय तिने ते कधी ओठांवर आणलं नाही. आणि मी हाक देत उभी होते, तर मला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

तेव्हापासून आमच्या फाटकाशी कुणी आलं तर माझा गळाच उघडत नाही. काल पाद्रीबाबा ताटकळले, शेवटी कुत्र्याने त्यांना आत आणलं.

लिकोला मुका. बाकी ठीक.
मावशी


वाइलेआ
१५ जून

ती. मावशीस,
कोणत्या तोंडाने नमस्कार लिहू? तरी सा. न. वि. वि.

तुझं पत्र चादरींच्या खोलीत बसून वाचलं आणि खूप रडले. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही, आणि त्याच आवाजावर मला बढती मिळाली. तू आलीस तो सोमवार होता, मावशी. मी आत सगळ्यांना ऐकायला शिकवत होते आणि तू बाहेर हाक देत होतीस.

आवाज काढून टाकला. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बढतीचाही पुन्हा विचार करावा लागेल. करोत बापडे. आता मी आणि केओनीकाका दाराशी उभे राहतो, येणाऱ्याला कुठून आलात विचारतो, तो सांगेपर्यंत थांबतो, मग साध्या शब्दांत आत बोलावतो. रांग लागते, कुरकुर होते.

पण तुझ्या गळ्याचं मी काय करून बसले गं? वाढदिवसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मी समजले. पुन्हा विचारणार नाही.

माया उरली असेल तर दोन ओळी लिही.
अपराधी नोहेआ


हालावा
२२ जून

चि. नोहेआ हिस,
अ. उ. आ.

काही समजली नाहीस तू. वाढदिवसाच्या जेवणाचं डुक्कर ठरलं आहे. तुझ्या मोजेसमामाने भाजायचा खड्डाही खणून ठेवला, आणि कंबर धरून बसला आहे.

राग अजून आहे, लपवत नाही. पण रात्रंदिवस दुसरंच खातंय मला. गेली कित्येक वर्षं तू येतेस ती फाटक ढकलून थेट चुलीशी. घरची पोर, तिला कसली आलीय हाक, असं म्हणून मी कधी टोकलं नाही. विचारून आत यायचं असतं, हे तू हॉटेलात नाही विसरलीस, माझ्याच अंगणात विसरलीस. तुझ्याइतकीच मीही चुकले.

या वेळी लिकोला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभी राहा आणि हाक गा. सगळं गणगोत ऐकत असेल. पाऊस आला तर भिज, पण आत येऊ नकोस.

मी आतच असेन. उत्तराला उशीर झाला तर मागे फिरू नकोस.

वाट पाहणारी,
मावशी